संगीतावर लिहिणं: अडचण कुठली आणि आव कुठला?



संगीताच्या समीक्षेबद्दल एक तक्रार आपण सगळे कधी ना कधी करतो. मैफलीचं परीक्षण वाचायला घ्यावं, आणि दुसऱ्या परिच्छेदापर्यंत असं वाटायला लागावं की गायक मागे राहिला आणि लिहिणारा पुढे आला. गाणं कसं झालं ते कळत नाही. लिहिणाऱ्याचं वाचन दांडगं आहे एवढं मात्र कळतं. ही तक्रार खरी आहे. पण तिच्याआड आणखी एक गोष्ट दडलेली असते, ती अशी की संगीतावर लिहिणं मुळातच फार अवघड आहे. ही अडचण खोटी नाही. म्हणून आज मला दोन गोष्टी वेगळ्या करायच्या आहेत. एक अडचण, दुसरा आव. बाहेरून त्या सारख्या दिसतात, कारण दोन्हींमधून येणारं वाक्य जडच असतं. पण त्यांचा इतिहास वेगळा आहे, आणि तो पाहिला तर एकीला दुसरीपासून ओळखायची काही खूण सापडते का, हे बघू.

माझ्याबद्दल एवढंच सांगतो की मी गायक नाही. नोकरीत तत्त्वज्ञान शिकवलं आणि संध्याकाळी गाणं ऐकलं. तेव्हा हे श्रोत्याच्या आणि वाचकाच्या बाजूने बोलणं आहे.

आधी अडचण. चित्रावर लिहिणारा माणूस चित्राकडे बोट दाखवू शकतो. डाव्या कोपऱ्यातला तो निळा बघा, म्हणू शकतो. चित्र पळून जात नाही. कवितेवर लिहिणाऱ्याची तर चैनच आहे. कविता शब्दांची, समीक्षाही शब्दांची, ओळ उचलून लेखात ठेवली की काम झालं. गाण्यावर लिहिणाऱ्याचं काय? ज्या तानेवर त्याला लिहायचं ती काल रात्री सव्वादहाला होऊन गेली. ती लेखात ठेवता येत नाही, दाखवता येत नाही, आणि वाचकाने ती ऐकलेली असेलच असंही नाही.

मग त्याच्यापुढे दोन भाषा उरतात. एक शास्त्राची: कोमल ऋषभ, मींड, न्यास, तिहाई. ही अचूक असते, पण ज्याला येते त्यालाच कळते. दुसरी उपमांची: झरा, चांदणं, गाभारा, समाधी. ही सगळ्यांना कळते, पण ती नेमकं काय सांगते हे विचारलं तर उत्तर मिळत नाही. एक भाषा अचूक पण बंद, दुसरी खुली पण सैल. संगीतसमीक्षेचा सगळा इतिहास म्हणजे या दोन भाषांमधली ये-जा आहे.

यात तत्त्वज्ञानाची एक गाठ आहे, ती थोडक्यात सांगतो. कांटने 1790 मध्ये सौंदर्यनिर्णयावर ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो की 'मला हे आवडतं' आणि 'हे सुंदर आहे' ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं माझ्यापुरतं असतं. दुसरं म्हणताना मी तुमच्याकडूनही होकाराची अपेक्षा करतो. पण तो होकार सिद्ध करून घेण्यासाठी माझ्याकडे कुठलाही नियम नसतो. म्हणजे मागणी सगळ्यांकडे, आणि पुरावा कुणालाच देता येत नाही. समीक्षक नेमका या खिंडीत उभा असतो. गंमत म्हणजे याच कांटने बुद्धीच्या संस्काराच्या दृष्टीने संगीताला कलांमध्ये सगळ्यात खालची जागा दिली. संगीत मागे विचार ठेवत नाही, आणि ते ज्याला नको आहे त्याच्याही कानात शिरतं, अशी त्याची तक्रार होती. खिशातून काढलेल्या अत्तराच्या रुमालासारखं ते आजूबाजूच्या सगळ्यांवर लादलं जातं, असं तो म्हणतो. कांटचं हे मत लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

पण युरोपात जाण्याआधी आपल्याच घरात जरा डोकावू. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, यादव राजा सिंघणाच्या दरबारी शार्ङ्गदेव होता. मूळ घराणं काश्मीरचं, आणि हा स्वतः दरबारात हिशेब-दप्तराचा मोठा अधिकारी. त्याचा 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ संस्कृतात आहे, सात अध्यायांचा. त्यातला तिसरा प्रकीर्णक अध्याय आपल्या कामाचा आहे. त्यात गायकाचे गुण आणि दोष सांगितलेत. दोष पंचवीस आहेत आणि त्यांची नावं ऐकण्यासारखी आहेत. दात आवळून गाणारा तो संदष्ट. भीतभीत गाणारा तो भीत. कावळ्यासारखा आवाज असलेला तो काकी. मान उंटासारखी वर काढून गाणारा तो करभ. डोळे मिटून गाणारा निमीलक. नाकात गाणारा सानुनासिक. ताल चुकणारा विताल. आवाजाचेही चार प्रकार आहेत. त्यातला बोंबक हा एरंडाच्या दांड्यासारखा आतून पोकळ.

आता ही भाषा बघा. उपमा आहेत की, कावळा आहे, उंट आहे, एरंड आहे. पण प्रत्येक उपमा कानाला किंवा डोळ्याला तपासता येते. गायकाने दात आवळले होते की नव्हते, हे पाहून ठरतं. मान ताणली की नाही, हे समोर बसलेल्या मुलालाही दिसतं. उपमा म्हणजे आव, असं जे कधी कधी म्हटलं जातं ते म्हणून खरं नाही. आवाज कसा होता हे उपमेशिवाय सांगताच येत नाही. प्रश्न इतकाच की ती उपमा आपल्याला गाण्याकडे नेते की गाण्यापासून दूर नेते.

मग हा आव आला कुठून? त्यासाठी एक तारीख घेऊ. 1810. जर्मनीत लाइपत्सिगला 1798 पासून 'आल्गेमाइने म्युझिकालिशे त्साइटुंग' नावाचं संगीताचं नियतकालिक निघत होतं. जुन्या काळी संगीतकार राजाचा किंवा चर्चचा नोकर असायचा. त्याचं संगीत चांगलं की वाईट हे मालक ठरवायचा. पण आता तिकीट काढून ऐकणारा, घरी स्वरलिपी विकत घेऊन पियानोवर वाजवून पाहणारा नवा मध्यमवर्ग तयार झाला होता. या वर्गाला कुणीतरी सांगायला हवं होतं की काय ऐकावं आणि का. समीक्षक नावाचा प्राणी या गरजेतून जन्माला आला.

1810 मध्ये या नियतकालिकात बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीवर एक परीक्षण आलं. सिंफनी पहिल्यांदा वाजली ती डिसेंबर 1808 मध्ये व्हिएन्नात, थंडीत, चार तास लांबलेल्या कार्यक्रमात. परीक्षण लिहिणारा होता ई. टी. ए. हॉफमान. शिक्षणाने कायद्याचा माणूस, स्वतः संगीतकार, आणि पुढे अद्भुत कथांसाठी प्रसिद्ध झालेला लेखक. या परीक्षणाचे दोन भाग पडतात. सुरुवातीला उंच भाषा आहे: वाद्यसंगीत ही सगळ्यात रोमँटिक कला, ते आपल्याला एका अज्ञात राज्यात नेतं, बेथोव्हन अनंताची ओढ जागी करतो. आज हे वाचताना आपल्याला वाटतं, झालं, सुरू झालं. पण पुढे काय आहे? पुढे पानंच्या पानं बारीक काम आहे. छापील स्वरलिपीचे तुकडे देऊन हॉफमान दाखवतो की तीन आखूड आणि एक लांब अशा चार स्वरांच्या आकृतीतून पहिला सगळा भाग कसा उभा राहतो. तिसऱ्या भागातून चौथ्याकडे जाताना टिंपनीचा, म्हणजे त्यांच्या नगाऱ्याचा, एकच स्वर खाली घुमत राहतो आणि तो वरच्या स्वरांशी खटकतो, तिथे तो थांबतो आणि त्या खटकण्याचा परिणाम सांगतो. म्हणजे 'अनंताची ओढ' हे त्याने नुसतं म्हटलं नाही. ती कुठून येते ते बोट ठेवून दाखवलं.

आता पुढची गोष्ट महत्त्वाची आहे. 1813 मध्ये हॉफमानने याच मजकुरावरून सर्वसामान्य वाचकांसाठी बेथोव्हनच्या वाद्यसंगीतावर एक ललित निबंध केला, आणि तो पुढे त्याच्या पुस्तकात गेला. हे करताना त्याने स्वरलिपीचे तुकडे आणि बारीक विश्लेषण काढून टाकलं. उंच भाषा ठेवली. लोकांनी वाचलं ते हे दुसरं रूप. पुढच्या पिढ्यांनी नक्कल केली ती याचीच. मला वाटतं, आव म्हणजे काय हे समजायला याहून चांगला दाखला मिळणार नाही. निष्कर्ष शिल्लक राहिला आणि बोट ठेवणं गळालं. हॉफमानला तो निष्कर्ष काढायचा हक्क होता, कारण त्याने ते काम केलेलं होतं. ज्यांनी नुसती त्याची वाक्यं उचलली त्यांना तो हक्क नव्हता.

आणखी एक न्याय हॉफमानला द्यायला हवा. त्याला इतकं उंच का बोलावं लागलं? कांट आठवा. शब्द नसलेलं संगीत म्हणजे जेवणाच्या वेळची करमणूक, असं मानणारी विद्वान मंडळी होती. त्यांच्यापुढे हॉफमान वकिली करत होता. वकिलाला आवाज चढवावा लागतो. पण खटला जिंकून झाल्यावरही आवाज चढलेलाच राहिला, ही पुढची अडचण.

ही अडचण ओळखणारा माणूस म्हणजे एडुअर्ड हान्सलिक. प्राहाचा, 1825 चा जन्म, हाही कायदा शिकलेला. 1854 मध्ये त्याने संगीतातल्या सौंदर्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की संगीताचा आशय म्हणजे सुरांच्या हलत्या आकृती. दुःख, आनंद, प्रेम हे संगीत 'सांगतं', असं म्हणू नका. पुरावा म्हणून तो ग्लुकच्या 'ऑर्फेओ' या ऑपेरातलं गाणं घेतो. बायको कायमची हरवलेल्या नायकाचं शोकाचं गाणं. ग्लुकच्या काळातल्याच एका लेखकाचं निरीक्षण तो पुढे करतो: याच चालीवर, ती सापडली, अशा आनंदाचे शब्द घाला, चाल तितकीच शोभते! आपल्याला हे पटायला जड जाऊ नये. गोविंदराव टेंब्यांनी 1911 साली 'मानापमान'ला संगीत दिलं, भास्करबुवा बखल्यांनी 1916 साली 'स्वयंवर'ला दिलं, तेव्हा कितीतरी चाली आधीच्या बंदिशी-ठुमऱ्यांवरून घेतल्या होत्या. व्रजभाषेतल्या विरहिणीची चाल मराठी नायिकेच्या तोंडी गेली आणि प्रेक्षकांना ती तिचीच वाटली.

हान्सलिकने विशेषणांचं तण उपटलं हे खरं. पण तोच पुढे व्हिएन्नाच्या वर्तमानपत्राचा बडा समीक्षक झाला आणि 1881 मध्ये चायकोव्हस्कीचा व्हायोलिन कन्चेर्टो ऐकून काय लिहून बसला? की हे ऐकून असं वाटतं की कानाला दुर्गंधी येणारं संगीतही असू शकतं. चायकोव्हस्कीला तो मजकूर पाठ होता, असं सांगतात. आज तोच कन्चेर्टो जगभर वाजतो. बघा, संगीतात भावना नाही म्हणणाऱ्या माणसाला तिथे वास आला! मी हे त्याची थट्टा म्हणून सांगत नाही. तत्त्व कितीही स्वच्छ असलं तरी लिहायला बसलं की उपमा येतेच. फक्त देवगिरीच्या 'काकी'मध्ये आणि या 'दुर्गंधी'मध्ये फरक आहे. पहिली आवाजाबद्दल सांगते, दुसरी ऐकणाऱ्याच्या नाकाबद्दल. हान्सलिकचे शत्रूही कमी नव्हते. वाग्नरने 'मायस्टरसिंगर'मधल्या कोत्या, नियमांना चिकटलेल्या परीक्षकाचं नाव एका मसुद्यात याच्याच नावावरून ठेवलं होतं.

आतापर्यंत आपण उपमांचा आव पाहिला. दुसरा आव शास्त्राचा. तो पकडला लंडनमध्ये बर्नार्ड शॉने. नाटककार म्हणून गाजण्याआधी शॉ संगीतसमीक्षक होता, हे अनेकांना माहीत नसतं. 1889 पासून तो 'द स्टार' या वर्तमानपत्रात 'कॉर्नो दि बासेत्तो' या नावाने लिहायचा. हे एका वाद्याचं इटालियन नाव. परदेशी बिरुदासारखं वाटतं आणि कुणाला अर्थ कळत नाही, म्हणून निवडलं, असं त्याचं स्पष्टीकरण. म्हणजे आवाची थट्टा टोपणनावापासूनच सुरू! पुढे 'द वर्ल्ड' साप्ताहिकात 1893 मध्ये त्याने एक गंमत केली. त्या वेळचे विद्वान सिंफनीचं विश्लेषण करायचे ते असं: मग हा विषय अमुक स्वरात येतो, मग तमुक स्वरात जातो, मग परत फिरतो. शॉने हॅम्लेटच्या सुप्रसिद्ध स्वगताचं याच पद्धतीने व्याकरणी 'विश्लेषण' करून दाखवलं. क्रियापद कुठल्या रूपात येतं, मग कुठलं सर्वनाम येतं, वाक्य कसं वळतं, वगैरे. सगळं बरोबर, आणि हॅम्लेट मरणाबद्दल बोलतोय हे मात्र कुठेच नाही! मुद्दा असा की परिभाषा अचूक असली म्हणजे विधान झालं असं नाही. हॉफमाननेही स्वरांची नावं घेतली होती, पण ती कशासाठी तरी घेतली होती.

आता महाराष्ट्रात येऊ. इथेही तोच क्रम दिसतो, फक्त शंभर वर्षांनी. गवई संस्थानांत होते. मग संगीत नाटक कंपन्या आल्या, तिकिटाचे जलसे आले, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रामोफोन आला. ऐकणारा अनोळखी झाला, आणि त्याला सांगणारा माणूस लागायला लागला. हॉफमानसारखीच इथेही वकिलीची गरज होती, आणि ती जास्त तीव्र होती. सभ्य घरातल्या मुलांनी गाणं शिकणं कमीपणाचं मानलं जायचं. पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, भातखंड्यांनी गावोगाव फिरून बंदिशी जमवल्या. त्यांच्या पिढीला गाण्यासाठी प्रतिष्ठा मिळवायची होती. 'नादब्रह्म', 'साधना', 'ईश्वरी देणगी' हे शब्द या लढ्यातली हत्यारं होती. त्यांचा उपयोग झाला. पण किंमतही पडली. गाण्याला देवघरात बसवताना ज्यांनी ते गळ्यात जपलं होतं त्या कलावंतिणी आणि मुसलमान उस्ताद पुष्कळदा अंगणातच राहिले. जी भाषा फक्त आत्म्याबद्दल बोलते तिला कुणाकडून काय शिकलं, रियाज कसा केला, पोट कसं भरलं, हे सांगायची गरजच राहत नाही. आव निरुपद्रवी असतो असं समजू नका.

याच काळात चांगलं लेखनही झालं, आणि ते कुणी केलं ते पाहण्यासारखं आहे. भातखंडे वकील. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चे चार भाग त्यांनी मराठीत लिहिले ते गुरू-शिष्याच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात. शिष्य अडतो, पुन्हा विचारतो, म्हणून गुरूला साधं बोलावं लागतं. केशवराव भोळे संगीतकार. 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक आणि पुढे प्रभातचे चित्रपट यांना संगीत देणारे. ते 'एकलव्य' या नावाने आपल्या काळातल्या गायकांवर लिहायचे. हयात गायकांवर, नाव घेऊन, आवाज कसा लावतो, शब्द कसा टाकतो, हे सांगत. स्वतः चाली बांधणारा माणूस असल्यामुळे चाल कुठे चिकटली आहे आणि कुठे जोडली आहे हे त्यांना कळायचं. गोविंदराव टेंबे पेटीवाले, मोठमोठ्या गवयांना जवळून ऐकलेले. 'माझा संगीत व्यासंग' वाचा, त्यात साथ करणाऱ्याचा कान आहे. साथीदाराला पुढची जागा आधी हेरावी लागते, म्हणून त्याचं ऐकणं आपल्या ऐकण्यापेक्षा कष्टाचं असतं.

आणि वामनराव देशपांडे. व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट. देवगिरीचा शार्ङ्गदेव हिशेबनीस, आणि सातशे वर्षांनी हेही हिशेबनीस! त्यांची 'घरंदाज गायकी' 1961 ची. त्यातलं मध्यवर्ती म्हणणं दोन वाक्यांत सांगता येतं, हाच त्याचा मोठेपणा. घराण्याचं वळण मूळ पुरुषाच्या आवाजाच्या लगावातून येतं. आणि घराणी स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये मांडता येतात: किराणा स्वराच्या टोकाकडे, आग्रा लयीच्या टोकाकडे, आणि जयपूरमध्ये दोन्हींचा तोल. आता यावर वाद घाला. लोकांनी घातलाच. लेखकाचा जीव जयपूर गायकीवर, म्हणून तीच नेमकी मध्ये आली, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. किराण्याची आणि आग्र्याची एकेक रेकॉर्ड लावा, ऐका आणि सांगा की पटतं की नाही. विधान चुकू शकतं, म्हणूनच ते विधान आहे.

इथे मला हवी असलेली खूण सापडते. मी एक वाक्य तयार करतो, कुणाचं नाही, माझंच: 'स्वरांच्या अमूर्त अवकाशात कलावंताने कालातीत अस्तित्वाचा वेध घेतला.' यात गायकाच्या जागी बासरीवाला घाला. सतारिया घाला. कुंभार घाला, फक्त 'स्वरां'ऐवजी 'आकारां' करा. वाक्य शाबूत! ग्लुकच्या चालीसारखंच हे, कुठलेही शब्द घाला, शोभतं. आता दुसरं वाक्य: 'यमनात गंधारावर येण्याआधी ती ऋषभावर इतकी रेंगाळली की गंधार आला तेव्हा तो नवा वाटला. पण हीच युक्ती चौथ्यांदा आली तेव्हा ती ओळखीची झाली होती आणि विलंबिताचा ताण सैल पडला.' हे वाक्य दुसऱ्या कुणाला लावता येत नाही. आणि कुणीही उठून म्हणू शकतो, नाही हो, ताण सैल पडला नाही. मग दोघं मिळून पुन्हा ऐकतील. अर्नल्ड आयझेनबर्ग या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1949 मध्ये एका निबंधात हे फार छान मांडलंय. समीक्षकाचं वाक्य सिद्धांतासारखं पुरावा देत नाही, ते आपल्या जाणिवेला दिशा देतं, आणि त्याचा अर्थ प्रत्यक्ष कलाकृतीपाशी पुरा होतो. कांटने जी खिंड दाखवली तिच्यातून वाट काढायची ती अशी. होकार सिद्ध करून घेता येत नाही, पण 'इथे ऐका' म्हणता येतं.

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, पण एवढं काय अडलंय? जड लिहिलं तर लिहिलं. तर अडलंय ते सांगतो. भास्करबुवा बखले 1922 मध्ये गेले. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर अशा तीन घराण्यांची विद्या त्यांनी घेतली होती. बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव त्यांचे शिष्य. त्यांच्या आवाजाचं एकही ध्वनिमुद्रण नाही. अल्लादिया खाँसाहेब तर 1946 पर्यंत होते, आणि त्यांचंही ध्वनिमुद्रण नाही. केसरबाई आणि मोगूबाई ऐकून आपण मागे अंदाज बांधतो. या दोन माणसांच्या गाण्याचं आज जे हाती आहे ते शिष्यांचे गळे आणि ऐकणाऱ्यांनी लिहिलेले शब्द. टेंबे बुवांचे शिष्य, आणि खाँसाहेबांचं चरित्र त्यांनीच लिहिलं. जिथे जिथे ऐकणाऱ्याने 'स्वर्गीय', 'अवर्णनीय' असं लिहून हात झटकले तिथे तिथे आपल्या हाती काही लागत नाही. जिथे त्याने, बुवा समेवर कसे यायचे, हे साधेपणाने लिहिलं, तिथे काहीतरी उरलं. 'अवर्णनीय' हा शब्द नम्रतेचा वाटतो, पण ज्याने ऐकलं त्यानेच वर्णन केलं नाही तर नंतरच्यांनी काय करायचं?

दुसरं नुकसान आपल्या, ऐकणाऱ्यांच्या, बाजूचं आहे. चांगली चाळीस वर्षं गाणं ऐकणारा माणूस मैफलीनंतर म्हणतो, 'मला गाण्यातलं काही कळत नाही हो, फक्त ऐकायला आवडतं.' हे त्याला कुणी शिकवलं? जड समीक्षेने शिकवलं. तसं पाहिलं तर त्याच्या तोंडात किती नेमके शब्द आहेत! सूर लागला. आवाज आज बसलेला होता. तान गळ्यावर चढली नव्हती. मध्यंतरानंतर बैठक जमली. तबला अंगावर येत होता. यातलं एकही वाक्य पुस्तकी नाही, आणि प्रत्येक तपासता येतं. 'सूर लागला' हे तर मला दुसऱ्या भाषेत सांगताही येणार नाही. ही भाषा शार्ङ्गदेवाच्या 'निमीलक' आणि 'करभ' यांची नातलग आहे. समीक्षेने ती उचलायची सोडून तिला लाजवलं.

मघाशी एक चिठ्ठी आली आहे, तिचं उत्तर देऊन थांबतो. विचारलंय, 'आता सगळं मोबाईलवर ऐकायला मिळतं, मग समीक्षकाची गरज काय?' प्रश्न बरोबर आहे. जी अडचण हॉफमानला होती, वाचकाने ते संगीत ऐकलेलं नसणं, ती आता पुष्कळ कमी झाली. पण म्हणून काम संपलं नाही, सोपं झालं. अब्दुल करीम खाँसाहेबांची तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी आज कुणीही लावू शकतो. पण बैठकीत तोच राग तास-दीड तास कसा उलगडायचा, त्या तीन मिनिटांत काय गाळावं लागलं, हे तबकडी सांगत नाही. ते सांगायला माणूस लागतो. आणि आता त्याला 'एक मिनिट दहाव्या सेकंदाला ऐका' असं लिहिता येतं. हे सुख शॉलाही नव्हतं आणि भोळ्यांनाही नव्हतं. इतकी सोय असूनही जो 'अमूर्त अवकाशा'त जाऊन बसतो, त्याला अडचणीचं कारण सांगता येणार नाही.

तेव्हा परीक्षण वाचताना एक करून पाहा. गायकाचं नाव झाका आणि दुसरं नाव ठेवा. वाक्य तसंच उभं राहिलं तर पान उलटा. कोसळलं, तर थांबा. तो माणूस ऐकत होता. आणि पुढच्या मैफलीनंतर घरी जाताना सोबतच्या माणसाला, काही कळत नाही, असं म्हणू नका. कुठे आवडलं ते सांगा.